धाकटी मालिका नेहमी वाईटच

विज्ञानकथेची एखादी दूरचित्रवाणी मालिका चालली की निर्माते तिच्याच विश्वात दुसरी काढतात. यान बदलते, कप्तान बदलतो, कधी शतकही बदलते; शत्रू, शिष्टाचार आणि प्रकाशवर्षांचा हिशेब मात्र जुनाच पुढे चालू राहतो. अशा दुसऱ्या मालिकेला स्पिन-ऑफ म्हणतात. तिच्याविषयी चाहत्यांचे मत पहिल्या भागातल्या पहिल्या जाहिरातीपर्यंत पक्के होते, आणि पुढची वीस-तीस वर्षे ते इतरांच्या गळी उतरवण्यात जातात.

मत साधारणपणे असे असते : मूळ मालिका थोर, मधल्या ठीक आणि आत्ता चालू आहे ती धाकटी म्हणजे घराण्याला बट्टा. यात एक गोम आहे. धाकटीच्या पाठीवर आणखी एक भावंड आले की तिचा बट्टा आपोआप पुसला जातो आणि ती ‘ठीक’मध्ये जमा होते, आणखी एखादे आले की थेट ‘थोर’मध्ये. या बढतीसाठी मालिकेला स्वतः काहीच करावे लागत नाही. बहुतेक वेळा तोवर ती बंद पडलेली असते.

हा नियम पडताळून पाहायला ‘स्टार ट्रेक’इतके मोठे खटले दुसरे नाही. जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 8 सप्टेंबर 1966 रोजी सुरू झाली आणि 79 भागांनंतर 1969 मध्ये संपली. ती दुसऱ्या सीझननंतरच गुंडाळली जाण्याची चिन्हे होती. पण बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याच्या पुढाकाराने चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा असा भडिमार केला की तिसरा सीझन मंजूर झाला. झगडून मिळवलेल्या या सीझनचा पहिलाच भाग होता ‘स्पॉक्स ब्रेन’. त्यात परग्रहावरच्या बायका यानावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू चोरून नेतात आणि कप्तान कर्क व मंडळी उरलेला स्पॉक रिमोट कंट्रोलने चालवत मेंदूच्या शोधात हिंडतात. मूळ मालिकेतल्या टाकाऊ भागांची यादी कोणीही करो, हा भाग वरची जागा सोडत नाही. स्पिन-ऑफवरच्या वादात ‘मूळ ती मूळच’ असे म्हणताना तो विसरायचा असतो, आणि मुरलेले चाहते तो सहज विसरतात.

पहिले भावंड 1973 मध्ये जन्मले तेच कार्टूनच्या रूपात. मूळ नटांपैकी बहुतेकांनी आवाज दिले, 22 भाग झाले, 1975 मध्ये मुलांच्या मालिकांसाठीचा एमी पुरस्कारही मिळाला. तरीही पुढे रॉडनबेरींच्याच इच्छेने ते अधिकृत इतिहासातून बाद झाले. चाहत्यांनी निवाडा मान्य केला, फक्त एक चीज ठेवून घेतली. कप्तान जेम्स टी. कर्क यातला ‘टी’ म्हणजे टायबेरियस, हे कळले ते या कार्टूनमुळे. कार्टून खोटे, टायबेरियस खरा, ही सोय बरीच वर्षे सगळ्यांना चालली.

1977 मध्ये पॅरामाउंट कंपनीने ‘फेज टू’ नावाच्या मालिकेची जुळवाजुळव सुरू केली. कंपनीला स्वतःची वाहिनी काढायची होती आणि ही मालिका तिचा आधारखांब होणार होती. वाहिनीचा बेत फसला, मालिकाही बारगळली आणि पहिल्या भागासाठी लिहिलेली कथा वाढवून 1979 मध्ये ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ हा चित्रपट निघाला. बारगळलेल्या मालिकेसाठी निवड होऊन चित्रपटात पोचलेली एक नटी मुंबईची होती : 1965 ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा. इलिया नावाच्या परग्रहवासिनीच्या भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले. इलिया आणि तिचा जुना प्रियकर डेकर या जोडीचा साचा पुढे ‘द नेक्स्ट जनरेशन’मधल्या ट्रॉय आणि रायकर यांच्या कामी आला. ट्रॉयला भरघोस केस मिळाले. टक्कल कप्तानाकडे गेले.

त्या टकलावरूनच या घराण्यातले पहिले मोठे रण माजले. ‘द नेक्स्ट जनरेशन’ सप्टेंबर 1987 मध्ये आली तेव्हा जुन्या चाहत्यांना कप्तान म्हणजे कर्क, आणि कर्क म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी शर्ट फाडून घेणारा गडी, एवढेच ठाऊक होते. नवा कप्तान ज्याँ-लूक पिकार्ड नावाने फ्रेंच, बोलण्यात अस्सल इंग्रज आणि शत्रू दारात उभा असताना सहकाऱ्यांची बैठक बोलावणारा. तणाव वाढला की तो अर्ल ग्रे चहा मागवतो. यानावर बायकामुलेही राहतात. कप्तानाच्या बाजूला, जिथे एखादी तोफ शोभली असती तिथे, समुपदेशक बाईंची खुर्ची. त्यात भर म्हणून वेस्ली क्रशर नावाचा हुशार पोरगा, जो मोठ्यांना न सुचलेला उपाय सुचवून यान वाचवतो. परग्रहावरच्या कोणत्याही राक्षसाचा चाहत्यांनी केला नसेल एवढा राग या पोराचा केला, आणि तो विल व्हीटन या पंधरा वर्षांच्या नटाच्या वाट्याला आला.

पहिला सीझन कच्चा होता, हे खरेच. दुसरा 1988 च्या लेखकांच्या संपामुळे 22 भागांत आटोपला. त्याचा शेवटचा भाग म्हणजे रायकर आजारी पडून आधीच्या भागांतली दृश्ये आठवत राहतो, म्हणजेच जुन्या तुकड्यांची गोधडी. तिसऱ्या सीझनपासून मात्र मालिका उभी राहिली आणि जून 1990 मध्ये बोर्ग नावाच्या यंत्रमानवांच्या टोळीने पिकार्डला पळवून आपल्यात सामील करून घेतले, तेव्हा हेच टकले कप्तान परत मिळतात की नाही या काळजीत प्रेक्षकांचा सगळा उन्हाळा गेला. सुधारणेचे कारण काय, यावर चाहत्यांचे एकमत आहे : दुसऱ्या सीझनपासून रायकरने दाढी ठेवली. तिसऱ्या सीझनमध्ये लेखकांची सूत्रे मायकेल पिलर यांच्याकडे गेली, हे अधिक सयुक्तिक कारण आहे. पण लेखक पडद्यावर दिसत नाही, दाढी दिसते.

यातूनच तिसऱ्या सीझनचा सिद्धांत निघाला. कोणतीही स्पिन-ऑफ नवख्या माणसाला दाखवताना ‘पहिले दोन सीझन कळ काढ, मग बघ’ असे बजावायचे असते. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या बाबतीत ही कळ 48 भागांची, म्हणजे सुमारे 36 तासांची आहे. एवढी कळ काढलेला माणूस नंतर मालिकेला वाईट म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे 36 तास वाया गेल्याची कबुली. सिद्धांताच्या यशात याचाही वाटा असावा. हल्ली सीझन दहा भागांचा असतो, त्यामुळे तिसरा येईपर्यंत कधीकधी मालिकाच संपते. 2020 ते 2023 मध्ये झालेल्या ‘पिकार्ड’चे असेच झाले. तिचा तिसरा सीझन सर्वांना आवडला, कारण त्यात 1987 ची जुनी मंडळी एकत्र आली होती. थोडक्यात, स्पिन-ऑफ आवडली ती ती स्पिन-ऑफ राहिली नाही तेव्हा.

निर्मात्यांना चाहत्यांचा धाक आधीपासून होता, याचा पुरावा प्रत्येक मालिकेच्या पहिल्या भागात सापडतो. नव्या मंडळींच्या डोक्यावर हात ठेवायला मागच्या पिढीतले कोणीतरी वडीलधारे बोलावलेले असते. ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या सुरुवातीला मूळ मालिकेतले डॉ. मॅकॉय 137 वर्षांचे होऊन येऊन गेले, ‘डीप स्पेस नाइन’ला पिकार्ड आला, ‘व्हॉयेजर’ निघाली ती ‘डीप स्पेस नाइन’च्या गोदीतून, तिथला दारूवाला क्वार्क याची गाठ घेऊन. आशीर्वादाचा परिणाम चाहत्यांवर सहसा होत नाही. ते वडिलांना नमस्कार करतात आणि नव्याच्या चुका मोजायला बसतात.

जानेवारी 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’वरचा पहिला आक्षेप भौगोलिक होता : ही मालिका कुठे जातच नाही. कथा घडते एका अवकाशस्थानकावर आणि स्थानक बसल्या जागचे हलत नाही. बाजू घेणारे म्हणतात, हलत नाही म्हणूनच तिथल्या माणसांना केल्या कर्माची फळे तिथेच भोगावी लागतात. यान काय, या आठवड्यात एका ग्रहावर घोळ घालते आणि पुढच्या आठवड्यात दुसरा ग्रह गाठते. हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून विरोधक त्याला उत्तर देत नाहीत; तिसऱ्या सीझनमध्ये निर्मात्यांनी गुपचूप ‘डिफायंट’ नावाचे यान स्थानकाला जोडून दिले, याकडे बोट दाखवतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. रॉडनबेरींचे ऑक्टोबर 1991 मध्ये निधन झाले. चोविसाव्या शतकातली सुधारलेली माणसे आपापसांत भांडणार नाहीत, असा त्यांचा दंडक होता. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये माणसे भांडतात, देवाधर्मावरून खटके उडतात, क्वार्क गिऱ्हाइकांना लुबाडतो आणि शेवटची काही वर्षे तर सरळ महायुद्धात जातात. 1998 मधल्या ‘इन द पेल मूनलाइट’ या भागात कप्तान सिस्को खोटे पुरावे रचून तटस्थ शत्रूला युद्धात ओढतो आणि हे ओझे घेऊन आपण जगू शकतो अशी स्वतःची समजूत घालतो. यावर ‘रॉडनबेरींना हे आवडले नसते’ हा युक्तिवाद निघाला आणि तो या घराण्यात तेव्हापासून सर्वाधिक वापरात आहे. दिवंगत साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही, हे त्याचे बळ. दुसरी बाजूही त्याच साक्षीदाराला बोलावते आणि त्यांना ते नक्की आवडले असते असे शपथेवर सांगते.

या मालिकेच्या वाट्याला शेजारचे भांडणही आले. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी आपल्या ‘बॅबिलॉन 5’ची कल्पना 1989 मध्ये पॅरामाउंटला दाखवली होती, ती नाकारली गेली. पुढे 1993 च्या जानेवारीत पॅरामाउंटची स्थानकावरची मालिका आली आणि फेब्रुवारीत स्ट्रॅझिन्स्कींच्या स्थानकाचा पहिला चित्रपट. एकाच्या नावात नऊ, दुसऱ्याच्या नावात पाच. कोणी कोणाचे उचलले यावर दोन्हीकडच्या चाहत्यांनी हजारो तास खर्च केले. कोर्टात कोणी गेले नाही. उलट रॉडनबेरींच्या पत्नी मेजल बॅरेट 1996 मध्ये ‘बॅबिलॉन 5’च्या एका भागात पाहुण्या म्हणून काम करून आल्या. समेटाचा एवढा स्पष्ट निरोप आल्यावर भांडण थांबायला हवे होते. पण चाहत्यांच्या भांडणात मालक पक्षकार नसतात.

‘डीप स्पेस नाइन’ची बढती नियमाप्रमाणे झाली. प्रक्षेपणाच्या काळात दुर्लक्षिलेले मधले पोर म्हणून वावरलेल्या या मालिकेवर पुढे चाहत्यांच्याच वर्गणीतून ‘व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड’ हा अख्खा माहितीपट निघाला. आज तिला सर्वोत्तम म्हणणारा चाहता बंडखोर ठरत नाही, थोडासा सनातनीच वाटतो.

1995 ची ‘व्हॉयेजर’ ही हिशेबनीस वृत्तीच्या चाहत्यांना मिळालेली देणगी. कप्तान कॅथरिन जेनवेचे यान एका अनपेक्षित ओढीने 70,000 प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. पूर्ण वेगाने परतायलाही 75 वर्षे लागणार. वाटेत दुरुस्तीचा तळ नाही, सुट्या भागांचे दुकान नाही. पहिल्याच सीझनमध्ये सांगितले जाते की यानावर फोटॉन टॉर्पेडो 38 आहेत आणि नवे मिळण्याची सोय नाही. निर्मात्यांनी हे वाक्य लिहिले आणि ते विसरले. चाहत्यांनी लिहून घेतले. पुढली सात वर्षे प्रत्येक टॉर्पेडो मोजला गेला. आकडा 38 ओलांडून कितीतरी पुढे गेला, तरी नळकांड्यांत दारूगोळा शिल्लकच. तीच गत छोट्या शटलयानांची : फुटतात, आपटतात, वितळतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा ओळीने उभी. यानाला गेलेला पोचा पुढच्या भागात दिसत नाही, गणवेशाची इस्त्री मोडत नाही. आणि हॅरी किम नावाचा तरुण अधिकारी पहिल्या दिवशी एन्साइन या सर्वांत खालच्या हुद्द्यावर चढतो आणि सात वर्षांनी त्याच हुद्द्यावर उतरतो. मधल्या काळात तो एकदा मरतो आणि त्याच्या जागी त्याची हुबेहूब दुसरी प्रत येते, तरी बढती नाही. सरकारी नोकरीचे एवढे अचूक चित्रण विज्ञानकथेत क्वचित आढळते.

या मालिकेतला ‘थ्रेशोल्ड’ हा 1996 चा भाग विरोधकांचे हुकमी हत्यार आहे. त्यात यानाचा चालक टॉम पॅरिस अशक्य मानलेला वेग गाठतो, परिणामी त्याची उत्क्रांती भराभर होऊन तो सरड्यासारखा उभयचर प्राणी होतो, कप्तानालाही तसेच करून पळवतो आणि एका दलदलीत दोघांना पिल्ले होतात. पिल्ले तिथेच सोडून मंडळी पुढे निघतात. यानावर हा विषय पुन्हा निघत नाही. या भागाला रंगभूषेचा एमी मिळाला. बाजू घेणाऱ्यांकडे त्याच्या बचावासाठी एवढेच आहे, आणि ते तेवढ्यावर अजून किल्ला लढवतात.

मात्र ‘व्हॉयेजर’वरचा खरा वाद टॉर्पेडोंचा नाही, टुव्हिक्सचा आहे. मे 1996 मधल्या त्या भागात वाहतूक यंत्राच्या बिघाडाने तर्ककठोर टुव्हॉक आणि बोलघेवडा स्वयंपाकी नीलिक्स यांचा मिळून एकच माणूस तयार होतो. टुव्हिक्स दोघांपेक्षा बरा निघतो : काम चोख, स्वभाव लाघवी, स्वयंपाक उत्तम. काही आठवड्यांनी दोघांना वेगळे करण्याची युक्ती सापडते. टुव्हिक्स म्हणतो, मला मरायचे नाही. यानावरचा डॉक्टर असे करायला नकार देतो, आणि जेनवे स्वतः यंत्र चालवून दोघांना परत आणते. हा खून की दोन जिवांची सुटका? ज्या चाहत्यांचे एरवी थीम संगीतापासून गणवेशाच्या शिवणीपर्यंत कशावरही एकमत होत नाही, ते या प्रश्नावर निदान एकाच जागी भांडतात. एका बाजूला संमती, व्यक्तित्व आणि सत्तेचा गैरवापर. दुसऱ्या बाजूला ‘एकाऐवजी दोन’ हे साधे अंकगणित. 45 मिनिटांच्या एका भागाने इतकी वर्षे लोकांना नीतिशास्त्र वाचायला लावले, हे त्याच्या लेखनाचे यशच म्हणायला हवे. पण तसे म्हटले की टुव्हिक्सचे पक्षपाती आणि जेनवेचे पक्षपाती दोघेही अंगावर येतात. 2023 मध्ये ‘लोअर डेक्स’ या कार्टून मालिकेने अख्ख्या भागात या प्रकरणाची खिल्ली उडवली. वाद मिटला नाही, त्याला नवे साक्षीदार तेवढे मिळाले.

बढती इथेही चुकली नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन या गावी 2020 मध्ये जेनवेचे स्मारक उभे राहिले. ती भविष्यात तिथे जन्माला येणार आहे.

टॉर्पेडोंच्या हिशेबाला एक शेपूट आहे. ‘डीप स्पेस नाइन’चे लेखक रोनाल्ड डी. मूर 1999 मध्ये थोडे दिवस ‘व्हॉयेजर’वर काम करून बाहेर पडले आणि पुढे त्यांनी ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ नव्याने घडवली. तिच्यात पाणी संपते, इंधन संपते, आणि उरलेल्या माणसांचा आकडा राष्ट्राध्यक्षांच्या फळ्यावर पुसून पुन्हा लिहिला जातो. ‘व्हॉयेजर’ अशी व्हायला हवी होती, असे विरोधकांनी लगेच जाहीर केले. ‘गॅलेक्टिका’चीही पुढे ‘कॅप्रिका’ नावाची स्पिन-ऑफ निघाली, मूळ कथेच्या आधीची, तिच्यातल्या यंत्रमानवांच्या जन्माच्या काळातली. ती एका सीझनमध्ये आटोपली.

मागे जाण्याची हौस ‘स्टार ट्रेक’लाही आधीच झाली होती. सप्टेंबर 2001 मध्ये सुरू झालेली ‘एंटरप्राइज’ कर्कच्या सुमारे शंभर वर्षे आधीची. प्रीक्वेलचा जाच असा की पुढे काय घडणार हे चाहत्यांना लेखकांपेक्षा नीट माहीत असते. कर्कच्या यानापेक्षा त्याच्या पणजोबांच्या काळातले यान चकचकीत कसे? पिकार्डला प्रथमच भेटलेले फेरेंगी हे परग्रहवासी दोनशे वर्षे आधी इथे कसे? पण हे आक्षेप गाण्यापुढे फिके पडले. तोवर प्रत्येक मालिकेची सुरुवात भारदस्त वाद्यसंगीताने होत असे; इथे रसेल वॉटसनच्या आवाजात चक्क गाणे सुरू झाले. ते बदला म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली. तिसऱ्या सीझनमध्ये निर्मात्यांनी खरेच बदल केला : तेच गाणे जरा उडत्या चालीत आणले. त्यानंतर पहिली चाल किती बरी होती, हे सर्वांच्या लक्षात आले.

2005 मध्ये मालिका बंद होणार असे कळताच चाहत्यांनी तिला वाचवायला वर्गणी काढली. ज्यांनी गाण्याविरुद्ध सह्या केल्या त्यांतल्या काहींनी इथेही खिशात हात घातला असणार. मालिका वाचली नाही. शेवटचा भाग असा केला होता की सगळी कथा ‘द नेक्स्ट जनरेशन’मधला रायकर आभासी खोलीत बसून पाहतो आहे, धाकटीच्या निरोपसमारंभात थोरलीचेच भाषण. हा भाग वाईट यावर आजही एकमत आहे. बढतीचा नियम मालिकांना लागू पडतो, सुट्या भागांना नाही.

‘एंटरप्राइज’नेच एक जुने कोडेही सोडवले, आणि ते सोडवल्याबद्दल शिव्या खाल्ल्या. क्लिंगॉन ही लढवय्यी जमात 1967 मध्ये प्रथम दिसली तेव्हा खर्च वाचवण्यासाठी नटांना काळा-तपकिरी रंग आणि मिशा एवढेच दिले होते. कपाळ आपले साधे. 1979 च्या चित्रपटात पैसा आला आणि त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या आल्या. समजूतदार माणूस म्हणेल, रंगभूषेचे बजेट वाढले. चाहते समजूतदार नसतात. त्यांना कारण हवे होते. 1996 मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ची मंडळी कालप्रवास करून कर्कच्या काळात गेली, गुळगुळीत कपाळाचे क्लिंगॉन पाहून चक्रावली आणि आपल्यातल्या वॉर्फ या क्लिंगॉनकडे वळली. वॉर्फने फक्त एवढेच सांगितले की हा विषय आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. याहून उत्तम उत्तर शक्य नव्हते आणि प्रकरण तिथेच मिटायला हवे होते. 2005 मध्ये ‘एंटरप्राइज’ने दोन भाग खर्चून खुलासा केला : जनुकीय प्रयोग, विषाणू, साथ, कपाळे सपाट. कोडे सुटल्यावर चाहत्यांना वॉर्फचे उत्तर अधिक आवडू लागले. मग 2017 मध्ये ‘डिस्कव्हरी’ने क्लिंगॉन संपूर्ण केशहीन करून टाकले, ओरड झाली, आणि 2019 मध्ये त्यांचे केस परत आले, युद्धकाळात ते मुंडण करतात, असा खुलासा झाला.

‘डिस्कव्हरी’ हीसुद्धा कर्कच्या दहा वर्षे आधीची आणि तिची नायिका मायकेल बर्नहॅम ही स्पॉकची मानलेली बहीण. स्पॉकने पन्नास वर्षांत तिचे नाव काढले नव्हते. स्पॉकच्या घरातला हा रिवाज जुना आहे. 1989 च्या चित्रपटात त्याचा सावत्र भाऊ असाच अचानक उगवला होता. तरी आक्षेप एवढे साचले की दुसऱ्या सीझनच्या शेवटी लेखकांनी मालिकेतच ठराव करवला : यान आणि त्यावरची माणसे यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढायचा नाही, काढल्यास देशद्रोह. मग यान 900 हून अधिक वर्षे भविष्यात पळाले, जिथे कोणत्याही जुन्या मालिकेशी विसंगती दाखवता येणार नाही. चाहत्यांच्या तक्रारींमुळे एखाद्या यानाने शतकांतर केल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण.

त्याच काळात ‘खरी स्टार ट्रेक आता ही नव्हेच, सेथ मॅकफार्लेनची ‘द ऑरव्हिल’ आहे’ असा पंथ निघाला. ‘ऑरव्हिल’चा स्टार ट्रेकशी कायदेशीर काहीही संबंध नाही, त्यामुळे ती घराण्याला बट्टा लावू शकत नव्हती; हा तिचा सर्वांत मोठा गुण ठरला. पण नोव्हेंबर 2021 मध्ये ‘डिस्कव्हरी’चा चौथा सीझन दोन दिवसांवर आला असताना अमेरिकेबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून ती एकाएकी काढून घेण्यात आली. भारतातल्या प्रेक्षकांसह जगभर संताप उसळला. जी मालिका पाहवत नव्हती, ती पाहता येत नाही म्हणून.

इतर घराण्यांची तऱ्हा वेगळी नाही. ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’ची पहिली स्पिन-ऑफ ‘के-9 अँड कंपनी’, नायक यांत्रिक कुत्रा, 28 डिसेंबर 1981 रोजी दाखवली गेली आणि तो एकच भाग झाला. 2006 मधली ‘टॉर्चवुड’ ही प्रौढांसाठीची शाखा. तिचा पहिला सीझन आपण प्रौढ आहोत हे सांगण्यातच इतका गुंतला की चाहते लाजले. 2009 मध्ये लागोपाठ पाच रात्री दाखवलेल्या ‘चिल्ड्रन ऑफ अर्थ’ने मात्र विरोधकांची तोंडे बंद केली आणि इआंटो जोन्स या पात्राला मारून चाहत्यांची उघडली. कार्डिफच्या बंदरभागात त्याच्या नावाने चाहत्यांनी चिठ्ठ्या-फुलांचे स्मृतिस्थळ मांडले आणि ते टिकले. न झालेल्या माणसाच्या मृत्यूचे स्मारक पाहायला पर्यटक जातात.

‘स्टारगेट’मध्ये नियम अधिक क्रूरपणे चालला. ‘एसजी-1’ दहा सीझन टिकली, ‘अटलांटिस’ने शंभर भाग पुरे केले. ‘अटलांटिस’ बंद झाली आणि 2009 मध्ये ‘युनिव्हर्स’ आली. थोरलीचा घास हिनेच काढला अशा समजुतीने अनेकांनी ती पाहायचीच नाही असे ठरवले. गंभीर, अंधारी, रुसलेल्या माणसांची म्हणून उरलेल्यांनी नावे ठेवली. 40 भागांनंतर 2011 मध्ये ती संपली ती सगळे प्रवासी दीर्घ झोपेत आणि एक तरुण एकटा जागा, अशा अवस्थेत. त्यानंतर लगेच ती फार लवकर बंद केली, असा सूर लागला; लावणाऱ्यांत न पाहणारेही होते.

सर्वांत निर्वेध प्रेम मिळते ते न झालेल्या स्पिन-ऑफना. मूळ ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग ‘असाइनमेंट : अर्थ’ हा 1968 मध्ये एका नव्या मालिकेचा नमुना म्हणूनच केला होता. परग्रहवासीयांनी वाढवलेला गॅरी सेव्हन नावाचा माणूस विसाव्या शतकातल्या पृथ्वीचे गुपचूप रक्षण करतो; सोबत एक गोंधळलेली सेक्रेटरी आणि एक काळी मांजर. मालिका कोणी घेतली नाही. तिचा एकही भाग न झाल्याने एकही भाग पडला नाही, गाणे नाही, कपाळ नाही, टॉर्पेडो नाहीत. ती झाली असती तर काय बहार आली असती, यावर मूळ मालिकेचे, मधल्यांचे आणि धाकट्यांचे चाहते अर्धशतक एकजुटीने उसासे टाकत होते. 2022 मध्ये ‘पिकार्ड’च्या दुसऱ्या सीझनमध्ये गॅरी सेव्हनसारखेच काम करणारी एक रक्षक अवतरली. तो सीझन चाहत्यांत तिन्हींतला डावा समजला जातो.